सोयाबीनची बनीम (कापलेल्या पिकाची गंजी) आतून गरम लागतेय, खालचं रान चिखलात, मुगाचं रान रिकामं; आधी कशाला हात घालू?

औशाची_शेतकरीण
७ ऑक्टोबर २०२५, रात्री ९.४०

नमस्कार. औसा तालुक्यातून लिहितेय. थोडं लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्हाला अंदाज येणार नाही.

आमचं सात एकर. ह्यांचं मणक्याचं ऑपरेशन जूनमध्ये झालं, म्हणून यंदा पेरणीपासून सगळं माझ्याच अंगावर आहे. सोबत सासूबाई आणि अकरावीतला मुलगा. वरचं अडीच एकर मुरमाड, त्यात जेएस-३३५ वाणाचं सोयाबीन, पेरणी १६ जूनची. खालचं तीन एकर ओढ्याकाठचं, भारी काळं. तिथं फुले संगम वाणाचं सोयाबीन, आठवडाभर उशिरा पेरलेलं. मधलं दीड एकर मुगाचं. मूग ऑगस्टअखेर निघाला, तेव्हापासून रान रिकामं आहे आणि तण गुडघ्याला लागलंय.

वरच्या रानातलं एक एकर सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात कापून टाकलं होतं. पानं सगळी गळाली होती, शेंगा वाजत होत्या, थांबायचं कारणच नव्हतं. कापून दोन दिवस झाले नाहीत तोवर पाऊस लागला. त्या दिवसांत मांजरा-तेरणा नद्यांना काय पूर आला ते आपल्या भागात सांगायला नको. आमच्या ओढ्याचं पाणीही खालच्या रानात दोन दिवस उभं होतं. दसऱ्याला कुठं उघडीप मिळाली. ४ तारखेला आम्ही चौघी बायांनी ते भिजलेलं सोयाबीन गोळा केलं, बनीम लावली आणि परत पाऊस आला तर, या भीतीनं वरून ताडपत्री ओढून चारी बाजूंनी दगड ठेवले.

आज संध्याकाळी धार काढून तिकडं गेले आणि ताडपत्रीची कड उचलली. आंबूस वास आला. कोपरापर्यंत हात आत घातला, तर विझलेल्या चुलीच्या राखेत हात घालावा तशी ऊब. हात बाहेर काढला तेव्हा बोटांना पांढरी बुरशी चिकटून आली. तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही.

वरचं उरलेलं दीड एकर उभंच आहे. दुपारी उन्हात बांधावर उभं राहिलं की शेंगा फुटल्याची तडतड ऐकू येते. पायाखाली दाणे पडलेत, काहींना मोड आलेत. खालच्या रानात पाय घातला की घोट्याच्या वर चिखल. झाडांच्या बुडाला वीतभर गाळ चिकटलाय, वरच्या शेंगा मात्र बऱ्या दिसतात.

गुत्त्यानं (ठेक्यानं) कापणी करणारी टोळी एकरी साडेपाच हजार मागते आणि ९ व १० असे दोनच दिवस देते. हार्वेस्टरवाला म्हणतो, खालचं रान उद्याच उरकून देतो. मुगाच्या रानात ज्वारी टाकायची आहे, कारण दोन म्हशी आणि एक गाय आहे, कडबा विकत घेणं परवडत नाही. गोठ्यात चिखल, विहिरीवरचा स्टार्टर भिजून बंद, बांध दोन ठिकाणी फुटलाय. सकाळी उठले की कुठून सुरुवात करू तेच कळत नाही. अर्धा दिवस इकडून तिकडं पळण्यात जातो आणि संध्याकाळी एकही काम पुरं झालेलं नसतं. आधी काय, मग काय, एवढं कुणी अनुभवी माणूस सांगेल का?


वाशिमची_सुडी
७ ऑक्टोबर, रात्री १०.१५

ताई, बाकीचं सकाळी बोलू. आत्ता बॅटरी घेऊन मुलाबरोबर जा आणि ताडपत्री काढा. आभाळ मोकळं असेल तर रात्रभर उघडीच राहू द्या. दव पडेल ते परवडलं, आतली वाफ परवडणार नाही. बनीम (आमच्याकडं सुडी म्हणतात) अशी गरम व्हायला लागली की दाणा आधी तांबूस पडतो, मग काळपटतो, आणि वास एकदा लागला की वाळवूनही जात नाही. जमलं तर वरचा हातभर थर आजच खाली ओढा.


चाकूरचा_शेतकरी
८ ऑक्टोबर, सकाळी ५.५०

ताई, वाशिमकरांनी बरोबर सांगितलं. रात्री ताडपत्री काढली असेल असं धरून पुढं लिहितो.

तुमची खरी अडचण अशी दिसते की सगळी कामं एकदम मागं पडलीत आणि तुम्ही सगळी एकदम पुढं ओढताय. मीही तेच करायचो. आता मी एकच बघतो: कुठल्या कामाची वेळ कधी संपते. बांध फुटलाय, तो महिन्यानंही बांधता येईल. बनीम उद्यापर्यंत थांबणार नाही. म्हणून आज फक्त बनीम.

ती दहा वाजता, दव उतरल्यावर फोडा. मुरमाड जागेवर ताडपत्री अंथरून त्यावर वीतभर जाडीचाच थर पसरा, त्याहून जाड नको. दाताळ्यानं दुपारपर्यंत दोनदा खालीवर करा. ज्या पेंढ्यांत बुरशी दिसेल त्या पहिल्याच हाताला वेगळ्या टाका, चांगल्यात एक पेंढीही जाऊ देऊ नका. दोन कडक उन्हं मिळाली की मळणीला घ्या. दाणा दाताखाली धरून बघायचा: दबला तर ओला, कट्कन फुटला तर वाळला. परत बनीम लावायची पाळी आलीच तर खाली दगड आणि पळाट्या (कपाशीची वाळलेली झाडं) टाकून जमिनीपासून हातभर उचलून लावा. ताडपत्री फक्त माथ्यावर टोपीसारखी. बाजू मोकळ्या राहिल्या पाहिजेत.

टोळीचे दोन्ही दिवस वरच्या दीड एकराला द्या. तडतड ऐकू येते म्हणजे रोज दुपारी तुमचा माल जमिनीवर सांडतोय. टोळीला म्हणावं, पहाटे लवकर या आणि दव असेपर्यंत कापा. ओलसर शेंग फुटत नाही. अकरानंतर कापणी थांबवून त्यांच्याकडून गोळा करून घ्या.

आता मुगाचं रान. तुमच्या प्रश्नात त्याला एकच ओळ मिळाली, पण मला बनीमच्या खालोखाल त्याचीच काळजी वाटते. रब्बी ज्वारीची वेळ १५ ऑक्टोबरपर्यंत. त्यापुढं जितकं जाल तितकी ओल कमी आणि थंडी जास्त, कणसात दाणा भरत नाही. सोयाबीनच्या मागं सगळं घर लागतं आणि रिकामं रान रिकामंच राहतं, हे मी स्वतःच्या घरात पाहिलंय. मुलाला सांगा, रोज सकाळी त्या रानातली मूठभर माती चार बोटं खोलवरून काढायची, मुठीत दाबून गोळा करायचा आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडायचा. गोळा चपटा होऊन चिकटून बसला तर वापसा (पेरणीजोगी ओल) नाही. फुटून विखुरला की त्याच दिवशी कुळवाची पाळी आणि मागोमाग तिफणीनं पेरणी. एकरी चार किलो बी पुरतं. काणी रोग येऊ नये म्हणून ३०० मेश (बारीक भुकटीचं) गंधक किलोभर बियाला चार ग्रॅम चोळा. वाण मालदांडी किंवा परभणी मोती, जे हाताला लागेल ते. वाणासाठी दोन दिवस घालवू नका.

तण मात्र पाळीच्या आधी विळ्यानं कापून बांधावर काढा. ओल्या रानात तसंच कुळवलं तर मुळ्या धरून परत उभं राहतं.

खालच्या रानात आज कुणालाही उतरू देऊ नका. हार्वेस्टरला तर नाहीच. यावर मला जरा जास्त लिहायचंय. २०१९ ला ऑक्टोबरच्या शेवटी असाच पाऊस झाला होता. माझं चार एकर सोयाबीन उभं होतं. घाई केली. हार्वेस्टर घातला, चाकं टिचभर नव्हे, हातभर रुतली, तरी काढणी उरकली. लगेच हरभऱ्यासाठी रोटावेटर फिरवला. वरून माती भुसभुशीत दिसली. आठ दिवसांनी वाळली तेव्हा ढेकळं अशी निघाली की कुऱ्हाडीच्या तुंब्यानं फोडावी लागली. चाकोरीतला हरभरा उगवलाच नाही. पुढच्या खरिपातही त्या पट्ट्यांत पाणी साचायचं, तूर तिथंच वाळून जायची. आठ दिवस वाचवायला गेलो आणि दोन हंगाम दिले.

तुम्ही खाली एवढंच करा: ओढ्याच्या बाजूनं उताराला एक चर काढा, पाणी निघून जाऊ द्या. ते काम मुलगा आणि एक गडी अर्ध्या दिवसात करतील. फुले संगमला अजून आठवडाभराचा दम असावा. तरी रोज दुपारी शेंग हातात घेऊन बघत जा.

स्टार्टर, बांध, गोठ्यातला मुरूम, हे सगळं संध्याकाळी पाचनंतरचं. उन्हाचा एक तासही त्याला देऊ नका.


औशाची_शेतकरीण
८ ऑक्टोबर, दुपारी १.२०

वाशिमचे दादा, चाकूरचे काका, दोघांचे मनापासून आभार. रात्री साडेदहाला मी आणि मुलगा गेलो. ताडपत्री काढली तशी बॅटरीच्या उजेडात वाफ दिसली, गरम पाण्याच्या घागरीतून निघावी तशी. वरचा थर लगेच ओढून खाली पसरला. आज सकाळपासून पसरवणं चालू आहे. मधल्या भागात साधारण डोक्यावरचा एक भारा असेल एवढं पूर्ण काळं निघालं, आत जाळं धरल्यासारखं. बाकीचं डाग पडलेलं, पण टणक आहे. उन्हात वास कमी होतोय.

हार्वेस्टरवाल्याला नाही म्हणून सांगितलं. तो म्हणाला, मग दिवाळीपर्यंत नंबर नाही.


वाशिमची_सुडी
८ ऑक्टोबर, रात्री ८.०५

नंबर गेला तर जाऊ द्या. पण काका, हार्वेस्टरला अगदीच वाईट म्हणू नका. आमच्याकडं मजूर मिळणं इतकं अवघड झालंय की रान टणक झाल्यावर तीन एकर दोन-तीन तासांत निघतं हीच मोठी गोष्ट आहे. फक्त ताईंच्या खालच्या रानात बुडाला गाळ चिकटलाय. तो हार्वेस्टरमध्ये जाऊन दाण्याला लागेल, दाणे मातकट होतील आणि बाजारात त्याचेच पैसे कापतील. विळ्यानं वीतभर वरून कापलं तर गाळ रानातच राहतो. खालच्या दोन-चार शेंगा जातील, त्या जाऊ द्या.

मळणीचं एक महत्त्वाचं. वरच्या आणि बनीमच्या मालाची मळणी एकत्र करू नका. मळणीवाला म्हणेल, एकदाच लावतो, डिझेल वाचतं. ऐकू नका. डागी माल चांगल्यात मिसळला की सगळाच डागी म्हणून जातो. पुढच्या वर्षीच्या बियाण्यासाठी काही ठेवणार असाल तर त्या मळणीला ड्रमचे फेरे मिनिटाला ३५० ते ४०० च्या आत ठेवायला लावा. जास्त फेऱ्यांनी दाण्याची डाळ होते, आणि ज्याची होत नाही त्याचंही आतलं अंकुर दुखावतं, वरून दिसत नाही एवढंच.


म्हशीवाली_मावशी_उदगीर
९ ऑक्टोबर, सकाळी ७.३०

सगळे दाण्याचं बोलतायत, मी गुळीचं (मळणीनंतरच्या भुश्याचं) सांगते. ते काळं निघालेलं आणि त्याची गुळी म्हशीपुढं टाकू नकोस गं. चारा नाही म्हणून आम्ही एकदा टाकली होती. दुसऱ्या दिवशी म्हैस रवंथ करेना, पोट फुगलं, दूध निम्म्यावर आलं, डॉक्टरला रात्री बोलवावं लागलं. बुरशीचं सगळं उकिरड्यावर टाक, शेणकाल्यात कुजलं तर खत तरी होईल. चांगल्या मालाची गुळी वेगळी, कोरड्या जागी भर.

आणि गोठ्याचं काम पाचनंतर म्हणाले काका, तेवढं मला पटलं नाही. जनावरं चिखलात उभी राहिली की खुरं सडतात. दोन ट्रॉली मुरूम नाही मिळाला तर निदान बसायच्या जागेपुरता टाक, आजच. सासूबाईंना सांग, त्यांना माहीत असेल.


परभणीचा_रब्बीवाला
९ ऑक्टोबर, रात्री ९.१०

थोडक्यात तीन गोष्टी.

विमा भरला असेल तर एक लक्षात घ्या. गेल्या वर्षीपर्यंत कापून पडलेलं पीक भिजलं की ७२ तासांत तक्रार नोंदवायची सोय होती. यंदाच्या (२०२५ च्या) खरिपापासून आपल्या राज्यात भरपाई पीक कापणी प्रयोगातून (ठरावीक रानांतलं पीक कापून, मोजून) निघणाऱ्या महसूल मंडळाच्या उत्पन्नावरच आहे. त्यामुळं तक्रारीसाठी म्हणून भिजलेला माल तसाच रानात ठेवू नका, आमच्या गावात दोघांनी ठेवलाय. नुकसानीच्या पंचनाम्यासाठी फोटो काढा आणि माल उचला.

विक्रीची घाई करू नका. यंदा (२०२५-२६ ला) हमीभाव क्विंटलला ५३२८ रुपये आहे, पण खरेदी केंद्रावर ओलावा १२ टक्क्यांच्या आत लागतो. गेल्या वर्षी नोव्हेंबरात केंद्रानं ती अट १५ टक्क्यांपर्यंत सैल केली होती, यंदा तेच होईल असं धरून बसू नका. मळणीनंतर दाणे ताडपत्रीवर पातळ पसरून दोन-तीन उन्हं द्या आणि आडतीवर मूठभर नेऊन ओलावा मोजून घ्या. डागी माल केंद्रावर चालणार नाही, तो बाजारातच द्यावा लागेल.

खालच्या रानात हरभरा घ्यायचा असेल आणि विहिरीचं पाणी असेल तर नोव्हेंबरच्या १० तारखेपर्यंत वेळ आहे, म्हणजे तुमच्याकडं महिना आहे. विजय वाण घेतला तर बी एकरी २६ ते २८ किलो, जॅकी-९२१८ चा दाणा टपोरा, तो ३५ ते ४० किलो लागतो. रान पाण्याखाली होतं म्हणून मर रोग येण्याची भीती जास्त. ट्रायकोडर्मा (मर रोखणारी मित्रबुरशी) चोळल्याशिवाय बी टाकू नका. पावसाच्या चिकचिकीत जे दिवस घरात बसून जातात, त्यात बी आणून, निवडून ठेवा.


औशाची_शेतकरीण
२४ ऑक्टोबर, सकाळी ११.००

काल भाऊबीज झाली, आज जरा बसायला मिळालं. तुम्ही सगळ्यांनी एवढा वेळ दिलात, तर काय झालं ते सांगायलाच हवं.

बनीमचं एक एकर: ११ तारखेला मळणी केली. चांगल्यापैकी ३ क्विंटल ४० किलो निघालं, डागी ७० किलो, वेगळंच भरलंय. एरवी त्या रानात एकरी सहाच्या पुढं निघतं. वाईट वाटलं, पण ७ तारखेला रात्री गेले नसते तर तेही हाती आलं नसतं. वरचं दीड एकर टोळीनं पहाटे साडेपाचपासून कापलं. पहिल्या दिवशी बायका कुरकुरल्या, पाय ओले होतात म्हणून. मी चहा रानातच नेला. अकरापर्यंत एकरभर झालं आणि कापताना एकही शेंग फुटल्याचा आवाज आला नाही. त्याचं ७ क्विंटल झालं.

मावशी, मुरूम त्याच दिवशी टाकला. सासूबाईंनीच घमेली भरून दिली, मला म्हणाल्या, तुझं सोयाबीन तू बघ, म्हशी माझ्या. काळी गुळी उकिरड्यात गेली.

मुगाच्या रानाचा गोळा मुलगा रोज सोडायचा. ९ ला चपटा, १० ला चपटा, ११ ला दोन तुकडे. १२ तारखेला सकाळी तो धावत घरी आला, "आई, फुटला." त्याच दिवशी पाळी घातली आणि दुपारून परभणी मोती पेरली. आज ज्वारी चार बोटं वर आलीय. मुरमाकडच्या कडेला थोडी विरळ आहे, बाकी ओळी भरलेल्या दिसतात. काका, तुम्ही लिहिलं नसतं तर ते रान दिवाळीपर्यंत तसंच राहिलं असतं हे खरं आहे. माझ्या डोक्यात ते कामच नव्हतं.

खालच्या तीन एकरात चर काढल्यावर चौथ्या दिवशी पाय टिकायला लागला. १६ आणि १७ ला, वसुबारसेच्या दिवशी, तीच टोळी परत मिळाली, एकरी ६ हजारांनी. दोन एकर वीतभर वरून कापून घेतलं. ओढ्याच्या अगदी कडेचा एक एकर अजून उभा आहे, तिथं माती अजून बोटांना चिकटते. आज परत ढग दिसतायत, म्हणून उद्या दव असतानाच घरचे तिघं आणि शेजारच्या दोघी मिळून तो हातानं कापणार, आणि कापलेलं त्या रानात न ठेवता डोक्यावरून वरच्या मुरमाड जागेवर आणणार. तिथं दगड आणि पळाट्या रचून ठेवल्यात.

एक विचारायचं राहिलं. खालच्या दोन एकरांचा दाणा पिवळा आणि बरा निघालाय, त्यातलं दोन क्विंटल बियाण्याला ठेवावं असं वाटतं. मळणीला ड्रम हळू चालवायला लावला होता. पण ते रान दोन दिवस पाण्यात होतं, म्हणून भरवसा नाही. २१ तारखेला शंभर दाणे मोजून, दहा-दहाच्या ओळीत, भिजवलेल्या गोणपाटात गुंडाळून ठेवलेत. सत्तरच्या वर उगवले तर एकरी तीस किलोनं पेरता येतं एवढं मला माहीत आहे. साठ-पासष्ट आले तर बी वाढवून पेरावं, की सरळ विकून टाकावं? गोणपाटावर सासूबाई सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडतात. सोमवारी उघडून मोजते.